मुलकी, गैरमुलकी आणि परभणीचा उमेदवार

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागले की पोखर्णी येते. नृसिंहाचे ठाणे म्हणून सगळा जिल्हा या गावाला ओळखतो. परळीच्या लोहमार्गावरच्या स्टेशनाच्या पाटीवरही 'पोखर्णी नृसिंह' असेच नाव आहे. निजामाच्या काळी हे गाव औरंगाबाद सुभ्यातल्या परभणी जिल्ह्यात होते. अव्वल तालुकदार परभणीला बसे आणि हुकूम हैदराबादेहून उर्दूत येत. पोस्टाचे तिकीट निराळे, सालाची गणती फसली, रुपया हाली शिक्क्याचा. सात हाली रुपये मोजावेत तेव्हा इंग्रजी मुलखातले सहा कलदार हाती यायचे. उत्तरेला हिंगोली ओलांडून वाशीमकडे गेले की वऱ्हाड लागे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे होता आणि १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. मधल्या नाक्यांवर करोडगिरी द्यावी लागे. दोन्हीकडे भाषा मराठी, सोयरीक एकमेकांत, बाजारहाट एकमेकांत. तरी वाशीमचा माणूस परभणीला सरकारी कारकून व्हायला आला, तर त्याला पहिला प्रश्न होई: मुलकी की गैरमुलकी?

परदेशातली नोकरी आणि तिचा व्हिसा आज मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतही बोलण्याचा विषय झाला आहे. पण दुसऱ्या मुलखात जाऊन नोकरी करण्याचा हक्क कोणाला आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न या भागाला नवा नाही. हैदराबाद संस्थानाने त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी कलमवार लिहून ठेवले होते. त्या उत्तराने परभणीच्या कुणब्याच्या पोराला नेमके काय दिले, हे पाहण्यासाठी ही हकीकत सांगतो आहे.

सुरुवात पहिल्या सालारजंगापासून होते. १८५३ मध्ये तो दिवाण झाला तेव्हा खजिना रिकामा होता आणि मुलूख सावकार-जमादारांकडे गहाण पडला होता. त्याने जिल्हे पाडले, महसुलाची, न्यायाची, शिक्षणाची खाती उभी केली. खाती चालवायला इंग्रजी अंमलाची रीत जाणणारी माणसे हवी होती आणि ती हैदराबादेत नव्हती. म्हणून त्याने ती बाहेरून आणली. उत्तरेकडून सय्यद मेहदी अली आले, ते पुढे मोहसिन-उल-मुल्क झाले. मुश्ताक हुसेन आले, ते विकार-उल-मुल्क झाले. सय्यद हुसेन बिलग्रामी आले, चिराग अली आले. बंगालमधून एडिंबरोची डॉक्टरेट घेतलेले अघोरनाथ चट्टोपाध्याय आले. सरोजिनी नायडूंचे हे वडील. त्यांनी उभ्या केलेल्या इंग्रजी शिक्षणातूनच पुढचे निजाम कॉलेज आकाराला आले.

आज ज्यांना आपण प्रोफेशनल म्हणतो ती हीच माणसे. पदवी, अनुभव आणि शिफारस घेऊन परक्या राज्यात चाकरीला आलेली. त्यांच्यामुळे हैदराबादचा कारभार सुधारला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचे पगार मोठे होते, आणि एकजण स्थिरावला की त्याचे भाऊ, भाचे, शेजारी मागोमाग येत. जुन्या हैदराबादी घराण्यांना आपल्याच दरबारात परके झाल्यासारखे वाटू लागले. १८८३ च्या फेब्रुवारीत सालारजंग वारला. त्याच वर्षी चांद्याच्या रेल्वे योजनेतल्या व्यवहारावर जाहीर प्रश्न विचारल्याबद्दल अघोरनाथांना राज्याबाहेर घालवण्यात आले. पुढे ते परत आले, पण बाहेरून आलेल्याचे आसन किती डळमळीत असते हे त्या हद्दपारीने सगळ्यांना दाखवले. त्याच सुमारास दरबाराची भाषा फारसीची उर्दू झाली. उर्दू उत्तरेकडच्यांना आणि शहरातल्या शिकलेल्यांना सोयीची होती. परभणीच्या पाटील-कुळकर्ण्यांना फारसी जितकी परकी, तितकीच उर्दू.

१८८८ मध्ये मुलकी कोणाला म्हणायचे ते सरकारने ठरवले. राज्यात १५ वर्षे कायम वास्तव्य असलेला किंवा सलग १२ वर्षे सरकारी चाकरी केलेला माणूस मुलकी, आणि त्याचे पुरुष वारस दोन पिढ्यांपर्यंत मुलकी. यातला पेच उघड आहे. ज्या हिंदुस्तानी अंमलदारांविरुद्ध ओरड होती, त्यांतल्या अनेकांनी १२ वर्षे आधीच भरली होती. बाहेरच्यांना अडवायला बांधलेल्या भिंतीच्या आत ते आधीच येऊन बसले होते.

१९१९ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने हे नियम नोकरीच्या कायद्यात पक्के बसवले गेले. निजामांच्या खास मंजुरीवाचून गैरमुलकीला वरच्या किंवा खालच्या कोणत्याही जागेवर नेमायचे नाही, असा दंडक झाला. मुलकी ठरण्याच्या वाटा चार होत्या: जन्माने हैदराबादची प्रजा असणे, जन्मसमयी वडील सरकारी नोकरीत असून त्यांची १५ वर्षे भरलेली असणे, स्त्री असेल तर मुलकी पुरुषाची बायको असणे, आणि चौथी वाट रहिवासाची. रहिवासाने मुलकी होऊ पाहणाऱ्याने १५ वर्षे कायम राहिलेले असावे, एवढ्यावर भागत नसे. आपण पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे, असे ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावे लागे.

ही अट मला नेहमी थांबवते. पोटासाठी आलेल्या माणसाकडून राज्य त्याचे गाव मागून घेत होते.

आजच्या जगात अगदी उलट अट घालणारी एक व्यवस्था उत्तर अमेरिकेत आहे. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा करार अमलात आला आणि त्यासोबत 'टीएन' नावाची अमेरिकेतल्या नोकरीची मुभा आली. करारात साठाहून थोड्या अधिक व्यवसायांची यादी आहे: इंजिनिअर, हिशेबतज्ज्ञ, परिचारिका, ग्रंथपाल, कॉलेजातले अध्यापक, कृषितज्ज्ञ. कॅनडाच्या नागरिकाने नागरिकत्वाचा पुरावा, पदवी आणि मालकाचे पत्र घेऊन सरहद्दीवरच्या ठाण्यावर जायचे. वकिलातीतून आधी व्हिसा घ्यावा लागत नाही आणि वर्षाला अमुक इतकेच, अशी मर्यादाही नाही. पूर्वी ही मुभा एकेका वर्षाची असे, २००८ पासून ती तीन वर्षांपर्यंत मिळू लागली. २०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला तरी ही तरतूद राहिली. अट एकच मोठी, मुक्काम तात्पुरता असला पाहिजे. काम झाले की आपण परत जाऊ, हे अधिकाऱ्याला पटावे लागते. निजामाचे राज्य परतीची वाट बंद केल्याचा पुरावा मागत होते, अमेरिका ती उघडी असल्याचा मागते.

या व्यवस्थेत जन्माचा आणि नागरिकत्वाचा भाग केवढा आहे तेही पाहण्यासारखे आहे. कॅनडात नुसता कायम रहिवासी असलेल्याला ही मुभा नाही, नागरिकच हवा. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या मुलाचा व्यवसाय त्या यादीत आहे, पण भारतीय पासपोर्टावर त्याला ती यादी उपयोगाची नाही. त्याच्यासाठी अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची रांग आहे, जिची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी आहे, आणि निवड सोडतीने होते. तोच मुलगा टोरांटोला जाऊन काही वर्षांनी कॅनडाचा नागरिक झाला, तर त्याच पदवीवर सरहद्दीचे ठाणे त्याला उघडते.

हैदराबादेत मात्र कागदाने जन्माच्या मुलकीची बाजू घेतली होती. पोखर्णीत जन्मलेला प्रत्येक मुलगा चारी वाटांतल्या पहिल्याच वाटेने मुलकी होता. त्याला प्रतिज्ञापत्र नको, १५ वर्षे नकोत. मग परभणीच्या कचेऱ्यांत अशी मुले फारशी का दिसत नव्हती?

उत्तर शाळेत आहे. सरकारी शाळांची चढण तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी होती. खालच्या वर्गात मराठी चाले, वर चढावे तशी उर्दू येई आणि फौकानिया शाळा जिल्ह्याच्या गावीच सापडे. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ जाहीर झाले. तिथे विज्ञान, वैद्यक, कायदा सगळेच उर्दूतून. एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयत्न होता, आणि त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. पण राज्यात जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, सुमारे चौथा हिस्सा मराठी, त्यानंतर कानडी. ज्या भाषेत विद्यापीठ उघडले ती थोड्यांची. मुलकीपणाचा हक्क जन्माबरोबर मिळत होता आणि तो वापरण्याची किल्ली दुसऱ्याच्या भाषेत होती. नियमाचा लाभ मुख्यतः हैदराबाद शहरातल्या घरांना झाला. परभणीच्या शेतकऱ्याच्या पोराला तो शेवटपर्यंत कागदावरच राहिला. या सगळ्या हकीकतीत मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच आहे.

जे वर पोहोचले त्यांनी ही चढण कशी ओलांडली ते पाहावे. केशवराव कोरटकरांचा जन्म १८६७ चा, वसमत तालुक्यातल्या पुरजळचा. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात. उर्दू-फारसीत तयार होऊन ते वकील झाले, गुलबर्ग्यात आणि मग हैदराबादेत नाव काढले आणि हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. ही चढण आपल्या मागून येणाऱ्यांना सोपी करायची म्हणून वामनराव नाईकांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा उभारली. पुढच्या पिढीतले सेतुमाधवराव पगडी १९१० मध्ये निलंग्याला जन्मले. ते हैदराबादच्या नागरी सेवेत अधिकारी झाले, आणि नोकरीसाठी शिकलेल्या उर्दू-फारसीवर त्यांनी नंतर मराठ्यांच्या इतिहासाची मोगली साधने मराठीत आणली. अशी माणसे होती, पण थोडी.

बाहेरून आलेल्या मराठी व्यावसायिकाची दशा निराळी. सावंतवाडीकडचे श्रीपाद दामोदर सातवळेकर मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकून विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबादेत आले. त्यांना सरकारी नोकरी नको होती. व्यक्तिचित्रे काढून त्यांचा उत्तम जम बसला होता. विवेकवर्धिनीच्या कामात आणि वेदांवरच्या व्याख्यानांत ते रमले आणि तिथेच राजकीय दडपण आले. चालता धंदा टाकून त्यांना हैदराबाद सोडावे लागले. हातातल्या कसबाला परवाना लागत नव्हता, पण राहण्याचा परवाना राज्यकर्त्यांच्या मर्जीवर होता.

बाहेरून आलेल्यांत सगळ्यांत मोलाचा वर्ग मात्र शाळामास्तरांचा. मराठीतून शिकवणाऱ्या खाजगी शाळा मराठवाड्यात जिद्दीने निघाल्या: १९१५ मध्ये औरंगाबादला सरस्वती भुवन, १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, पुढे अंबाजोगाईचे योगेश्वरी, सेलूचे नूतन विद्यालय. शिक्षक मिळायचे ते पुण्या-सोलापूरकडे शिकलेले. सरकारला हे रुचत नव्हते. खाजगी शाळेला परवानगी, सभेला परवानगी, आणि सभांवर निर्बंध घालणाऱ्या परिपत्रकाचे 'गश्ती निशाण ५३' हे नाव तर त्या काळच्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडी होते. व्यंकटेश खेडगीकर हा तरुण १९०३ मध्ये इंग्रजी मुलखात, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला जन्मला. १९२९ मध्ये तो हिप्परग्याला शिक्षक म्हणून आला, १९३२ मध्ये त्याने संन्यास घेतला आणि १९३५ मध्ये अंबाजोगाईला गेला. स्वामी रामानंद तीर्थ ते हेच. निजामाला सगळ्यांत महागात पडलेला हा माणूस पंतोजी होऊन सरहद्द ओलांडून आला होता.

१९३० च्या दशकात मुलकीचा प्रश्न पुन्हा पेटला. निजामत जंगांसारखे जुने सरदार, बुर्गुल रामकृष्णराव आणि काशीनाथराव वैद्य यांच्यासारखे वकील एका संघटनेत आले. हैदराबाद हैदराबादींसाठी, ही त्यांची मागणी. हिंदू-मुसलमान, तेलुगू-मराठी असे भेद न करता सुशिक्षित मुलकी एकत्र आल्याचा तो विरळा क्षण होता आणि तो टिकला नाही याचे वाईट वाटते. १९३७ मध्ये परतूरला, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते परभणीचे वकील गोविंदराव नानल. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. तिचे सूत राज्याबाहेरून हलते, असा सरकारी सूर होता. त्या वेळी सरकारच्या प्रमुखपदी होते सर अकबर हैदरी, मूळचे मुंबईकडचे, १९०५ मध्ये इंग्रज सरकारच्या हिशेब खात्यातून हैदराबादेत आलेले. २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह करून तुरुंगात जाणाऱ्या पहिल्या तुकडीत नानल होते. बाहेरून आलेल्या दिवाणाच्या सरकारने परभणीच्याच वकिलाला परक्यांच्या इशाऱ्यावर चालणारा ठरवले होते.

पुढच्याच महिन्यात वसतिगृहात 'वंदे मातरम्' गाण्यावर बंदी आली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली आणि उस्मानियातली मुले बाहेर पडली, त्यांची नावे पटावरून कमी झाली. त्यांना जागा दिली ती सरहद्दीपलीकडे नागपूर विद्यापीठाने. मराठवाड्याची कितीतरी मुले आणि तेलंगणातले अनेकजण नागपुरात शिकले. त्यांत करीमनगरकडचा पी. व्ही. नरसिंह राव नावाचा विद्यार्थी होता. मराठी त्याने अशी आत्मसात केली की पुढे ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' चा तेलुगू अनुवाद केला. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. जनरल चौधरींचे लष्करी प्रशासन आले, मग वेलोडींचे नागरी सरकार. जुन्या अंमलदारांतले कित्येक हटवले किंवा निघून गेले. रिकाम्या जागांवर मद्रास, मुंबई, मध्य प्रांतातून माणसे आणली. सालारजंगाच्या वेळची गोष्टच पुन्हा घडत होती. कारभार चालवायला अनुभवी हात हवेत आणि ते बाहेर आहेत. १९५२ मध्ये निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री होते बुर्गुल रामकृष्णराव, मुलकींचे जुने कैवारी. त्यांच्याच कारकिर्दीत वरंगळला बाहेरच्या शिक्षकांविरुद्ध विद्यार्थी उठले. खोटी मुलकी सर्टिफिकिटे मिळवून लोक जागा बळकावतात, ही मुख्य तक्रार. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादेत सिटी कॉलेजजवळ गोळीबार झाला आणि माणसे मेली.

एव्हाना राज्यघटना लागू झाली होती. तिच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत रहिवासावरून भेद करायला मनाई केली, आणि अपवाद करायचाच तर तो अधिकार संसदेपुरता ठेवला. पस्तिसाव्या अनुच्छेदाने जुने नियम मात्र संसद बदलेपर्यंत चालू ठेवले. त्यामुळे निजाम गेला तरी त्याचे मुलकी नियम राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. उर्दूत मुरलेला परभणीचा कारकून एका रात्रीत मराठी-इंग्रजीत चालणाऱ्या राज्याचा नोकर झाला. उर्दूपायी मागे पडलेली पिढी आणि उर्दू शिकून पुढे गेलेली पिढी, दोघांनाही आता मुंबई-पुण्याच्या उमेदवारांशी स्पर्धा होती. १९५७ मध्ये संसदेने रहिवासाच्या अटी रद्द करणारा कायदा केला आणि २१ मार्च १९५९ पासून तो अमलात आला. तेलंगणापुरती सूट ठेवली. मराठवाड्यासाठी नाही.

तेलंगणात त्या सुटीवरून १९६९ चे आंदोलन झाले, कोर्टकज्जे झाले, आणि ३ ऑक्टोबर १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम अजून वैध आहेत असा निकाल दिला. तेव्हा आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते नरसिंह राव. ज्याला एकदा सरहद्दीपलीकडे जाऊन शिकावे लागले, त्याने या निकालाचे स्वागत केले. आंध्र भाग त्याच्याविरुद्ध पेटला आणि जानेवारी १९७३ मध्ये राष्ट्रपती राजवट आली. त्याच वर्षी संसदेने मुलकी नियम कायमचे रद्द केले.

मराठवाड्याला १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांचे वचन मिळाले होते आणि घटनेच्या ३७१ (२) अनुच्छेदाने समन्यायी वाट्याची तरतूद. १८ मे १९७२ ला परभणीला कृषी विद्यापीठ निघाले. आपल्या भूमीत, आपल्या भाषेच्या राज्यात उभ्या राहिलेल्या संस्थांत नोकऱ्या आपल्या मुलांना मिळतील, ही आशा रास्त होती. दोनच वर्षांत, १९७४ च्या सुरुवातीला, नोकऱ्यांत स्थानिकांना डावलले जाते या संतापाने परभणी जिल्ह्यातले विद्यार्थी रस्त्यावर आले. वसमतला गोळीबार झाला, तरुण मुले मेली आणि गोविंदभाई श्रॉफांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा विकास आंदोलन सगळ्या जिल्ह्यांत पसरले. नियम रद्द झाला होता, ज्या उणिवेतून तो जन्मला ती रद्द झाली नव्हती. त्या आंदोलनाची मागणी जुना मुलकी दाखला परत द्या अशी नव्हती. कॉलेजे, रेल्वेची रुंद लाइन, सिंचन, कारखाने आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा, अशी ती यादी होती. ३७१ (२) खालची विकास मंडळे त्यानंतर वीस वर्षांनी, १९९४ मध्ये स्थापन झाली, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.